चाळीस हजार पौंड, विकत घेतलेली खासदारकी आणि मग काटकसर: जोसेफ ह्यूम कसा वाचायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही ना, हे तुम्हालाही बघता येईल. तुम्ही दिवाळी अंकासाठी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे आपले काँग्रेसवाले ह्यूम, यांच्यावर लेख लिहिताय. लिहिता लिहिता त्यांचे वडील जोसेफ ह्यूम वाटेत आले आणि त्यांच्या पूर्वायुष्यापाशी गाडी अडली. सर्जन म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आले, आठ-नऊ वर्षांत ४०,००० पौंड गाठीला बांधून परत गेले. १८१२ मध्ये रोख पैसे मोजून तेव्हाच्या सत्ताधारी टोरी पक्षाचे खासदार झाले. आणि १८१८ पासून हाच माणूस सरकारी उधळपट्टीविरुद्ध उभा ठाकणारा जहाल (‘रॅडिकल’, म्हणजे मुळापासून सुधारणा मागणारा) खासदार म्हणून गाजला. तुमचं म्हणणं असं की हे तीन तुकडे एकमेकांना जुळत नाहीत; तर हा माणूस ढोंगी म्हणायचा की पालटलेला? आणि मराठ्यांविरुद्धच्या लढाईत भिजलेली बंदुकीची दारू त्यांनी पुन्हा कामाला लावली, ही गोष्ट खरी धरायची का?

मी चरित्रकोशांच्या नोंदी लिहिते आणि इतरांच्या तपासते. कंपनीच्या नोकरीतली माणसं हा त्यातला माझा नेहमीचा भाग. त्यामुळे सांगते ते कामाच्या सवयीतून सांगते. इतिहासकाराचा निवाडा म्हणून घेऊ नका. आणि किती खोलात शिरायचं हे तुमच्या लेखावर ठरेल. लेख मुलावर असेल तर वडिलांना दोन परिच्छेद पुरे आहेत. वडिलांवरच स्वतंत्र चौकट करणार असाल तर पुढचं सगळं उपयोगी पडेल.

‘ढोंगी की पालटलेला’ हा प्रश्न मी आधी बाजूला ठेवते. माणूस नामांकित झाल्यावर त्याचं पूर्वायुष्य लिहिलं गेलं की त्यात दोनच साचे पडतात: एक तर लहानपणापासूनच थोर, नाहीतर आधी वाट चुकलेला आणि मग उपरती झालेला. ह्यूमबद्दल तुम्ही जे वाचलंत त्यातलं बरंचसं तो प्रसिद्ध झाल्यावर, काही तर तो गेल्यावर लिहिलेलं आहे. म्हणून अशा वेळी मी कोरा कागद घेते आणि चार रकाने पाडते: पद कोणतं, ते कोणाच्या शब्दावर मिळालं, त्यात पैसा कुठून येत होता, आणि हे सांगणारा कागद त्या वेळचा आहे की नंतरचा. ह्यूमच्या बाबतीत दुसऱ्या रकान्यात सगळं गुपित आहे. तुम्ही फक्त तिसऱ्याकडे बघताय, म्हणून माणूस तुकड्यातुकड्यांत दिसतोय.

तर सुरुवातीपासून बघू. जन्म २२ जानेवारी १७७७, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या माँट्रोज या बंदराच्या गावी. वडील जहाजावर तांडेल-कप्तान, लवकर वारले. आईने बाजारात चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान मांडून पोरं वाढवली. तेराव्या वर्षाच्या सुमारास मुलगा गावातल्या सर्जनकडे उमेदवारीला लागला, पुढे एडिनबरोला जाऊन वैद्यक शिकला आणि १७९६ मध्ये तिथल्या सर्जनांच्या कॉलेजचा सभासद झाला. इथपर्यंत हुशारी आणि कष्ट. पण एडिनबरोहून बाहेर पडणारे डॉक्टर ढीगभर होते आणि स्कॉटलंडमध्ये त्यांच्या पोटापुरतं काम नव्हतं. कंपनीच्या नोकरीत शिरायचं तर संचालकाची चिठ्ठी हवी.

ही चिठ्ठी दिली डेव्हिड स्कॉट यांनी. या माणसाकडे जरा थांबून बघा, कारण मराठी वाचकाला तो ह्यूमपेक्षाही जवळचा आहे. स्कॉट यांनी मुंबईत वीसेक वर्षं खासगी व्यापार केला, पेढी उभी केली, १७८६ मध्ये मायदेशी परतले, दोन वर्षांत कंपनीचे संचालक झाले आणि पुढे अध्यक्षही झाले. माँट्रोज ज्या परगण्यात येतं त्या फॉरफरशायरचे ते खासदारही होते. म्हणजे मतदारसंघातल्या पोरांना कंपनीत चिकटवणं हा त्यांच्या राजकारणाचाच भाग. स्कॉटलंडमध्ये १८३२ पूर्वी सगळे मिळून मतदार होते सुमारे साडेचार हजार, आणि खासदार ४५. इतक्या थोड्या मतदारांना सांभाळायला कंपनीतल्या नेमणुकांसारखं साधन नव्हतं. विधवेच्या मुलाला ती चिठ्ठी मिळाली यात त्याची लायकी होतीच, पण लायकीवर दार उघडत नव्हतं. दार वशिल्यानं उघडलं. तुमच्या लेखात हे एक वाक्य आलंच पाहिजे, कारण पुढे हाच माणूस वशिल्याच्या नेमणुकांवर तुटून पडला.

१७९७ मध्ये कंपनीच्या जहाजांवर साहाय्यक सर्जन आणि १७९९ मध्ये बंगालच्या लष्करी खात्यात. इथे त्यानं इतर डॉक्टरांनी सहसा न केलेली गोष्ट केली: हिंदुस्तानी आणि फारसी शिकून घेतली. फारसी ही तेव्हा दरबारी पत्रव्यवहाराची भाषा. तहाची कलमं, जहागीरदारांच्या अर्ज्या, खंडणीचे हिशेब सगळं फारसीत. ती येणारा गोरा अधिकारी छावणीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. १८०३ मध्ये बुंदेलखंडात उतरलेल्या, पॉवेल या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या फौजेबरोबर ह्यूम गेला तो सर्जन म्हणून आणि दुभाषा म्हणूनही.

ही मोहीम आपल्याकडे फारशी कोणाला आठवत नाही. आपण १८०३ म्हटलं की असई, अडगाव, फार तर दिल्ली आणि लासवाडी एवढंच बोलतो. बुंदेलखंडात पॉवेलच्या समोर होता शमशेर बहाद्दर, अली बहाद्दरचा मुलगा, म्हणजे थोरल्या बाजीरावांचा आणि मस्तानीचा पणतू. वसईच्या तहानंतरच्या व्यवहारात पेशव्यांनी बुंदेलखंडातला मुलूख कंपनीला देऊन टाकला, पण तो कागदावर. प्रत्यक्षात तिथं शमशेर बहाद्दर तळ देऊन होता. अनुपगिरी ऊर्फ हिंमत बहाद्दर गोसावी इंग्रजांना जाऊन मिळाला, ऑक्टोबरात शमशेर बहाद्दरचा पराभव झाला, आणि शेवटी सालीना चार लाख रुपयांच्या नेमणुकीवर तो बांद्याला राहिला. काँग्रेसच्या संस्थापकाचे वडील बाजीराव-मस्तानीच्या पणतूविरुद्धच्या छावणीत दुभाषाचं काम करत होते, ही गोष्ट तुमच्या वाचकाला नक्की धरून ठेवेल. मात्र तिचा फुगा करू नका. युद्धाचा निकाल दुसरीकडे लागला. बुंदेलखंड ही कडेची आघाडी होती.

आता दारूची गोष्ट. युद्धाच्या तोंडावर कंपनीचा मोठा साठा दमटपणानं निकामी झालेला आढळला आणि ह्यूमनं आपल्या रसायनशास्त्राच्या ज्ञानावर तो पुन्हा कामाजोगा केला, असं त्याच्या जुन्या चरित्रनोंदी सांगतात. मला विचाराल तर गोष्ट पटण्यासारखी आहे, आणि का ते सांगते. बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. यातला सोरा पाण्यात विरघळतो. पावसाळ्यात पिंपात ओल शिरली की सोरा विरघळून दाण्यातून बाहेर येतो, आणि वाळला की वेगळाच साका धरतो. वरून दारू कोरडी दिसते, पण तिन्ही जिनसा एकमेकांत मिसळलेल्या राहिलेल्या नसतात, म्हणून ती भडकत नाही, नुसती फुसफुसते. नुसतं उन्हात घालून भागत नाही. कोणता घटक कुठे गेला हे कळणारा माणूस लागतो, मग पुन्हा मिसळून, कुटून, दाणे पाडता येतात. आणि १८०३ च्या छावणीत रसायनशास्त्र शिकलेला माणूस कोण असणार? डॉक्टरच. जोसेफ ब्लॅक आणि त्यांच्यामागून टॉमस होप यांच्यामुळे एडिनबरोचा रसायनशास्त्राचा वर्ग युरोपात नावाजलेला होता.

पण पटण्यासारखी गोष्ट आणि सिद्ध झालेली गोष्ट यात अंतर आहे. माझ्या चौथ्या रकान्यात या गोष्टीपुढे ‘नंतरचा कागद’ असंच लिहिलेलं आहे. तेव्हा लेखात ‘ह्यूमच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे की…’ अशी सुरुवात करा आणि दोन वाक्यांत संपवा. ‘ह्यूमनं इंग्रजांना मराठ्यांविरुद्धचं युद्ध जिंकून दिलं’ असलं वाक्य इंटरनेटवर कुठे सापडलं तर ते तिथंच राहू द्या.

आता ४०,००० पौंड. तुम्ही लिहिलंय की ‘सर्जनच्या पगारात हे शक्य नाही’. अगदी बरोबर, पगारात शक्यच नाही. पण कंपनीच्या नोकरीत पगाराला कोण विचारत होतं! युद्धाच्या काळात ह्यूमनं डॉक्टरकी आणि दुभाषेपणाखेरीज खजिना वाटपाचं, टपालाचं, रसद खात्याचं आणि लुटीच्या मालाच्या वाटणीचं काम सांभाळलं. प्रत्येक कामाचा भत्ता वेगळा. आणि भत्त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक कामात हातातून जाणारा पैसा.

छावणीतला पगारवाटप कसा चालायचा ते डोळ्यापुढे आणा. शिपायाला रुपये द्यायचे, पण रुपये एका टांकसाळीचे नव्हेत. दर दोन मुक्कामांवर चलन बदलायचं, प्रत्येक रुपयाचा बट्टा (बदलून घेताना होणारी कपात) वेगळा, आणि तो ठरवणारा सराफ छावणीच्या बाजारातच बसलेला. खजिन्यावर बसलेल्या माणसाला कोणता रुपया कुठे महाग आणि कुठे स्वस्त, हे इतरांच्या आधी कळायचं. रसदेचं तसंच: बैल, धान्य, वैरण, बंजाऱ्यांचे तांडे, सगळा व्यवहार उचल आणि उधारीवर. लुटीच्या वाटणीचा एजंट म्हणजे जप्त झालेल्या मालाचा लिलाव करून दर्जाप्रमाणे हिस्से पाडणारा. त्याला त्यावर दलाली मिळायची. हे सगळं तेव्हाच्या नियमांत बसत होतं. शिवाय शिल्लक टाकायला जागा होती: लढायांपायी कंपनीला आठ-दहा टक्क्यांनी कर्ज काढावं लागत होतं, त्यामुळे ज्याच्याकडे रोकड त्याची रोकड बसल्या जागी वाढत होती.

यात हात किती ओले झाले? एकूण रकमेवरून हे ठरवता येत नाही, आणि तुम्हीही ठरवू नका. चोरीचा आरोप करायला कागद लागतो. ‘इतके पैसे आले म्हणजे खाल्लेच असणार’ हा पारावरचा तर्क झाला. पण दुसऱ्या टोकाचं ‘प्रामाणिक कष्टाची कमाई’ हेही लिहू नका. हा पैसा लढाईचा होता. लढाई होती म्हणून भत्ते होते, लूट होती म्हणून दलाली होती. एवढं स्वच्छ लिहिलं की पुरे.

४०,००० म्हणजे आजचे किती कोटी, हे गणित टाळा. ते करणारे वेगवेगळे भाव धरतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. त्यापेक्षा तेव्हा त्या पैशानं काय होत होतं ते सांगा. पाच टक्के धरले तरी वर्षाला २,००० पौंड हातपाय न हलवता. इंग्लंडमधल्या शहरी मतदारसंघातून खासदार व्हायला कायद्यानं जमिनीचं वार्षिक उत्पन्न लागायचं ३०० पौंड. खासदारांना पगार तर १९११ पर्यंत नव्हता. तिशी ओलांडता ओलांडता परतलेला ह्यूम उरलेलं आयुष्य कोणाची नोकरी न करता राजकारण करू शकत होता, आणि त्यानं तेच केलं.

यानंतर काही वर्षं तो इंग्लंड आणि दक्षिण युरोप फिरला. इथे एक खड्डा आहे, तो चुकवा. जुन्या कोशांत असं सापडेल की ह्यूमनं १८१२ मध्ये दान्तेच्या काव्याचं इंग्रजी भाषांतर छापलं. पण त्याच काळात लंडनमध्ये जोसेफ ह्यूम नावाचा आणखी एक माणूस होता, सरकारी कारकून, चार्ल्स लॅम्ब आणि हॅझलिट यांच्या मित्रमंडळींतला. एकाच नावाची दोन माणसं एकाच शहरात असली की कोशांमध्ये एकाची पगडी दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. साहित्यिकांत वावरणारा माणूस एकीकडे आणि रसदेचे हिशेब ठेवणारा दुसरीकडे असताना ही नोंद मी डोळे मिटून खासदाराच्या खात्यात टाकणार नाही. तुम्हीही वगळा, लेखाचं काही बिघडत नाही.

१८१२ च्या जानेवारीत तो वेमथचा खासदार झाला. वेमथ-मेल्कम रीजिस हा दक्षिण किनाऱ्यावरचा मतदारसंघ, खासदार तब्बल चार, आणि जागा जॉन्स्टन घराण्याच्या मालमत्तेच्या विश्वस्तांच्या मुठीत. अशा जागा विकणं १८०९ च्या कायद्यानं निषिद्ध झालं होतं, आणि व्यवहार पूर्वीसारखाच चालू होता. ह्यूमनं पैसे भरले, जागा मिळाली, सभागृहात गेल्यावर सरकारच्या बाजूनं मत दिलं. पंतप्रधान पर्सिव्हल यांची सभागृहाच्या लॉबीत हत्या झाली ती याच अधिवेशनात, ११ मे १८१२ ला. वर्ष संपायच्या आत संसद विसर्जित झाली, आणि जागेच्या मालकांनी ह्यूमला पुन्हा उभं करायला नकार दिला. त्यानं दावा लावून भरलेल्या रकमेतला काही भाग वसूल केला. खासदारकीचा हप्ता कोर्टात जाऊन परत मागणारा माणूस! मला तर तो इथेच पहिल्यांदा नीट दिसतो. यात लाज नाही, उपरती नाही. ठरलेला माल मिळाला नाही, पैसे परत करा, एवढाच विचार.

आणि त्या एका वर्षातलं त्याचं बोलणं बघा. नॉटिंगहॅमकडच्या मोजे विणणाऱ्या कारागिरांनी आपल्या धंद्याला कायद्याचं संरक्षण मागितलं होतं. ह्यूमनं त्या विधेयकाला विरोध केला, कारण व्यापारात सरकारनं हात घालू नये हे ॲडम स्मिथचं सूत्र. बारा वर्षांनी, १८२४ मध्ये, याच माणसानं कामगारांच्या संघटनांवर बंदी घालणारे १७९९-१८०० चे कायदे रद्द करून घेतले. तेव्हा तो कामगारांचा कैवारी ठरला. पण युक्तिवाद तोच होता: मजुरीचा भाव मालक आणि मजूर ठरवतील, सरकारनं मध्ये पडू नये. १८१२ मध्ये त्या सूत्राचा फटका कारागिरांना बसला, १८२४ मध्ये त्याच सूत्राचा फायदा झाला. म्हणजे तुम्ही ज्याला पालट म्हणताय, त्यातला बराचसा भाग पालट नाहीच.

मग बदललं काय? पुन्हा माझ्या दुसऱ्या रकान्याकडे या. १८१२ पर्यंत त्याचं प्रत्येक पाऊल कोणाच्या तरी मेहेरबानीवर पडलं: स्कॉटची चिठ्ठी, लष्करातल्या वरिष्ठांनी दिलेली कामं, विश्वस्तांनी विकलेली जागा. त्या जागेनं त्याला शिकवलं की विकत घेतलेली खासदारकीही मालकाचीच राहते. पुढची सहा वर्षं तो संसदेबाहेर होता आणि या काळात त्यानं वेगळी माणसं धरली. जेम्स मिल त्याचा माँट्रोजच्या शाळेतला सोबती. त्याच्यामार्फत कायदे आणि राज्यकारभार सुधारू पाहणारा विचारवंत जेरेमी बेन्थम याचं वर्तुळ, तिथून वेस्टमिन्स्टरचा शिंपी-संघटक फ्रान्सिस प्लेस. गरीब मुलांच्या शाळा, बचत बँका असल्या कामांत तो उतरला. याच काळात भागधारक म्हणून कंपनीच्या सभांमध्ये उठून हिशेब विचारायची सवय लागली. संचालक व्हायची त्याला इच्छा होती, पण ते कधी जमलं नाही. मिलनं भारतावरचा मोठा इतिहास लिहिला तो भारतात पाऊल न ठेवता. ह्यूमचं उलट: त्यानं भारत रसदेच्या वहीतून पाहिला होता. बेन्थमच्या वर्तुळाला सिद्धांतांची वाण नव्हती. सरकारी पैसा प्रत्यक्षात कसा झिरपतो हे आतून बघितलेला माणूस मात्र त्यांच्याकडे नव्हता, तो ह्यूमच्या रूपानं मिळाला.

हे शेवटचं वाक्य माझं अनुमान आहे, हे मुद्दाम सांगते. ‘मी खजिन्यावर बसलो होतो म्हणून मला हिशेब कळतात’ असं त्यानं कुठे म्हटलेलं दाखवून मी हे लिहीत नाही. त्याची आधीची कामं आणि नंतरचा खाक्या शेजारी ठेवून काढलेला अर्थ आहे. लेखात वापरलात तर अनुमान म्हणूनच वापरा.

१८१५ च्या लग्नाचंही एक वाक्य घाला. पत्नी मारिया बर्नली, कंपनीच्या वर्तुळातल्या श्रीमंत घरातली. तिचा भाऊ विल्यम हार्डिन बर्नली हा त्रिनिदादमधला सगळ्यात मोठा गुलाममालक. जहाल खासदाराचा मेहुणा कोण होता, हे लपवलं तर चरित्र अर्धवट राहतं. त्यावरून ह्यूमच्या सगळ्या राजकारणावर शिक्का मारायचा की नाही, ते वाचकावर सोडा.

१८१८ मध्ये तो ॲबर्डीन, माँट्रोज, आर्ब्रोथ, ब्रेखिन आणि इन्व्हरबर्वी या पाच गावांच्या मिळून एका जागेवरून निवडून आला. आता लोकांनी निवडून दिला असं मात्र समजू नका. प्रत्येक गावाची नगरपरिषद एक प्रतिनिधी निवडायची, आणि पाच प्रतिनिधी मिळून खासदार. तिघं तुमच्या बाजूला असले की काम झालं. नगरपरिषदाही बहुतेक ठिकाणी जुन्या मंडळींनीच नवी मंडळी नेमून चालत आलेल्या. फरक इतकाच की माँट्रोजला १८१७ मध्ये परिषदेच्या निवडीत सामान्य नागरिकांना मत मिळालं होतं आणि आजूबाजूच्या गावांतही नगरसुधारणेचं वारं शिरलं होतं. म्हणजे पहिल्यांदाच ह्यूमचा आधार एका धन्याच्या मर्जीवर नव्हता. गावातल्या व्यापारी, कारागीर, वकील मंडळींच्या पसंतीवर होता. आणि या मंडळींना सरकारी खर्च, कर आणि वशिल्याच्या नोकऱ्या यांचा मनापासून राग होता. स्वतःची समज आणि मतदारांचा राग एकाच दिशेला वळले की खासदाराला कंठ फुटतो.

तो कसा फुटला ते एकदा जवळून बघा. खर्चाच्या मागण्या मंजूर करायला सभागृह समिती म्हणून बसायचं. रात्र झालेली, अर्धी बाकं रिकामी. अमुक खात्यासाठी इतके पौंड, असा प्रस्ताव वाचला जायचा आणि सहसा कोणी हूं की चूं न करता तो पुढे सरकायचा. ह्यूम उठायचा. गेल्या वर्षी या बाबीला किती होते, शांततेच्या काळात वाढ कशासाठी, हा अधिकारी प्रत्यक्षात काम करतो की नुसता पगार घेतो? उत्तर मिळालं नाही की मतविभागणी मागायचा. बहुतेक वेळा हरायचा, आणि पुढच्या ओळीवर पुन्हा उठायचा. एकूण बेरजेला तो आपल्या स्कॉटिश उच्चारात ‘टॉटल’ म्हणायचा, त्याची टिंगल लंडनच्या विडंबनकारांना बरीच वर्षं पुरली. वक्ता म्हणून तो कंटाळवाणा होता, हे त्याचे मित्रही नाकारत नव्हते. पण अर्थमंत्र्यांच्या नाकी नऊ आले, कारण पुढच्या वर्षीच्या मागण्या लिहिताना ‘यावर ह्यूम काय विचारेल’ हा विचार करणं भाग पडलं. ‘शांतता आणि सुधारणा’ या जहालांच्या घोषणेत ‘काटकसर’ हा तिसरा शब्द घुसवला तो यानंच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. ढोंगी म्हणायचं तर जाहीर बोलणं आणि खासगी वागणं त्याच काळातलं आणि एकमेकांविरुद्ध दाखवावं लागेल. १८१२ ची जागाखरेदी आणि १८१८ नंतरची भाषणं यांनी ते सिद्ध होत नाही, त्यात सहा वर्षांचं अंतर आहे. ढोंगाचा आरोप करायचाच असेल तर १८२६ चं ग्रीक कर्जरोख्यांचं प्रकरण जास्त कामाचं आहे. ग्रीक स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या ह्यूमनं त्या कर्जाचे रोखे घेतले, भाव पडल्यावर आपलं नुकसान ग्रीक प्रतिनिधींच्या गळ्यात घातलं, आणि ते बाहेर आल्यावर वर्तमानपत्रांनी त्याची सालटी काढली. तिथेही मला वेमथचाच माणूस दिसतो: पैशापैशाचा हिशेब चुकता करून घेणारा, चारचौघांत कसं दिसेल याची फिकीर नसलेला. हा गुण सरकारी खर्चाला लावला की तो लोकांचा पहारेकरी ठरतो, आणि स्वतःच्या खिशाला लावला की चिक्कू. माझ्या मते माणूस एकच आहे. तुम्हाला दुसरं मत बनवायचं असेल तर खुशाल बनवा, फक्त सालं एकमेकांत मिसळू नका.

साधनांबद्दल थोडं. त्याची भाषणं हॅन्सार्डमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेतल्या चर्चांच्या छापील वृत्तांतात, ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात, पण १८१०-२० च्या काळातली भाषणं शब्दशः टिपलेली नाहीत. वर्तमानपत्रांच्या वृत्तांतांवरून जुळवलेली आहेत. तेव्हा अवतरणचिन्हांत वाक्य टाकण्याआधी दोनदा विचार करा, आशय सांगितलात तर धोका नाही. नोकरीच्या नेमणुका कंपनीच्या कागदपत्रांत आहेत, ती लंडनला ब्रिटिश लायब्ररीत. दिवाळी अंकासाठी तिथवर जायची गरज नाही.

राहता राहिला तुम्ही शेवटी विचारलेला उपप्रश्न: ‘वडिलांचं जहालपण मुलात उतरलं आणि म्हणून काँग्रेस निघाली’, असं लिहिता येईल का? सरळ तसं नका लिहू. ॲलन १८२९ चा. तो वाढला तेव्हा वडील मिडलसेक्स, मग आयर्लंडमधलं किल्केनी आणि १८४२ पासून पुन्हा माँट्रोज असे मतदारसंघ बदलत संसदेत बसलेले होते. तोही आधी वैद्यकच शिकला, मग हेलीबरीच्या कंपनीच्या कॉलेजातून मुलकी सेवेत आला आणि १८४९ मध्ये बंगाल इलाख्यात रुजू होऊन इटाव्याला गेला. यमुनेच्या काठचं हे गाव, आणि नदीच्या पलीकडे खाली वडिलांचं बुंदेलखंड. जोसेफ ह्यूम वारले १८५५ मध्ये. काँग्रेसचं पहिलं, मुंबईचं अधिवेशन भरलं २८ डिसेंबर १८८५ ला, म्हणजे मध्ये तीस वर्षं आणि सत्तावनचा उठाव. इतक्या लांबचा धागा ‘म्हणून’ या एका शब्दावर टांगू नका. ‘सरकारला हिशेब विचारणं हे राजकारणाचं रोजचं काम आहे, अशा घरात तो वाढला’ एवढं लिहा. त्याला पुरावा आहे. आणि अधिवेशन आधी पुण्यात व्हायचं होतं, पटकीची साथ आल्यामुळे मुंबईला गोकुळदास तेजपाल पाठशाळेत हलवलं, हे त्याच परिच्छेदात येऊ द्या. तुमचा अंक पुण्याचा आहे, संपादकांना ते वाक्य हवंच असणार.